कुलेशोव लालबागच्या चाळीत

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत प्रश्न आला होता : १८० अंशांचा नियम आकृतीसह स्पष्ट करा. मी दोन माणसं म्हणून दोन फुल्या काढल्या, त्यांना जोडणारी रेघ मारली आणि रेघेच्या एकाच बाजूला कॅमेऱ्याचे तीन त्रिकोण काढले. म्हणजे कॅमेऱ्याने रेघ ओलांडायची नाही, ओलांडली की नजरांच्या दिशा उलटतात. दहापैकी आठ मार्क. पंधरा दिवसांनी लालबागला मैत्रिणीच्या चाळीत आम्ही आमचा पहिला सीन शूट केला. गॅलरीत कठड्याला टेकून दोन भाऊ भांडतायत, एवढंच. गॅलरी जेमतेम चार फूट रुंद. थोरल्याचा क्लोजअप आम्ही खोलीच्या दारातून घेतला. धाकट्याचा घेतला समोरच्या गॅलरीत जाऊन, चौकाच्या पलीकडून, कारण तिथून त्याच्या चेहऱ्यावर उजेड झकास पडत होता. एडिटला बसलो तर दोघेही उजवीकडे बघतायत. भांडण एकमेकांशी नव्हतंच, दोघं मिळून शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी शिव्या देत होते. आठ मार्कांची आकृती माझ्या वहीत होती, वही सॅकमध्ये होती आणि सॅक शूटिंगभर माझ्या पाठीवर होती.

आता मी एडिटिंगमध्ये असिस्टंट म्हणून काम करते आणि माझ्याकडे अधूनमधून नवी मुलं येतात. मास मीडियाची, फिल्म कोर्सची, काही तर कोर्स परवडत नाही म्हणून घरूनच शिकणारी. त्यांच्यात दोन तट दिसतात. एकाला जगभरचे दिग्दर्शक पाठ असतात, पण तीन वर्षांत त्याने मिनिटभरही शूट केलेलं नसतं. दुसऱ्याकडे गिम्बल (कॅमेरा न हादरता धरणारी मूठ) असतो आणि त्याच्या प्रत्येक फिल्ममध्ये गेटवेची कबुतरं स्लो मोशनमध्ये उडतात. मी पहिल्या तटातली, त्यामुळे कबुतरवाल्यांबद्दल माझ्या बोलण्यात थोडी असूया डोकावली तर समजून घ्या. वहीतली रेघ गॅलरीपर्यंत कशी न्यायची, याच्या पायऱ्या खाली लिहिल्या आहेत. खर्च जवळजवळ शून्य, फोन कुठलाही चालेल.

पायरी १ : आठवड्याला एकच कल्पना

सकाळी साडेसातचं लेक्चर, पंचाहत्तर टक्के हजेरी, असाइनमेंट्स, आणि वसई किंवा डोंबिवलीहून येत असाल तर रोजचे तीन तास लोकलमध्ये. यात 'थिअरीला वेगळा वेळ, प्रॅक्टिकलला वेगळा वेळ' असं टाइमटेबल पंधरा दिवसही टिकत नाही. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा ते कपाटावर चिकटवलेलंच राहिलं.

टिकलं ते हे. सोमवारी वर्गात जे शिकवलं त्यातली एक कल्पना उचलायची, एकच. ती एका वाक्यात, आपल्या भाषेत, प्रश्न म्हणून लिहायची. 'मॉन्टाज म्हणजे काय' हा परीक्षेचा प्रश्न झाला. 'दोन शॉट शेजारी ठेवले तर तिसराच अर्थ कधी निघतो?' हा शूट करता येणारा प्रश्न. तो फोनच्या वॉलपेपरवर ठेवा. मंगळवार ते शुक्रवार वाचन, बघणं, लोकलच्या खिडकीतून शोधणं. शनिवारी दोन तास शूट, रविवारी दोन तास एडिट. निघालेली क्लिप मिनिटाच्या वर जाता कामा नये. परीक्षेचे आठवडे सोडले तर वर्षात अशा तीसेक क्लिप सहज होतात. त्यातल्या वीस भिकार असणार हे आत्ताच मान्य करून टाका.

पायरी २ : एक सीन, तीन वेळा

रोज एक सिनेमा बघायचा हा सल्ला सगळेच देतात. मला तो फारसा पटत नाही. रोज एक सिनेमा बघून माणूस सिनेमांची यादी सांगायला शिकतो. त्यापेक्षा आवडलेल्या सिनेमातला पाच मिनिटांचा एक सीन घ्या आणि तोच तीनदा बघा. पहिल्यांदा साधा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा फोन उलटा ठेवून फक्त ऐका.

मग शॉट ब्रेकडाउन करा. वहीत रकाने आखायचे : शॉट क्रमांक, किती सेकंद, क्लोज-मिड-लाँग यांपैकी काय, कॅमेरा हलतो का, आवाज कुठला, आणि शेवटचा रकाना, कट का केला असेल. हा शेवटचा रकाना सगळ्यात छळतो. 'माहीत नाही' लिहायला लाजू नका. माझ्या पहिल्या वहीत त्या रकान्यात निम्म्या ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. पुढे स्वतः एडिट करताना त्यातल्या बऱ्याच प्रश्नचिन्हांची उत्तरं मिळाली. नटाने मान वळवली म्हणून कट आहे, दार आपटल्याच्या आवाजावर कट आहे, वगैरे.

कुठे बघायचं? घरी बघाच, पण महिन्यातून एकदा तरी अंधारात, अनोळखी लोकांमध्ये बसून बघा. प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी मुंबईत १९६८पासून चालू आहे. तिचं सभासदत्व घ्या. तिचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक मिळालं तर सोडू नका, मराठीत सिनेमावर गंभीर लिहितात कसं ते त्यात दिसतं. 'थर्ड आय' हा आशियाई चित्रपट महोत्सवही बघा. पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महल या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१९मध्ये सुरू झालेलं. एक अख्खी दुपार काढा आणि जुने कॅमेरे जवळून बघा. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा मिफ महोत्सव १९९०पासून एक वर्षाआड भरतो. लघुपट काय असू शकतो हे कळायला तिथले चार दिवस एका सत्राच्या बरोबरीचे आहेत.

पायरी ३ : पन्नास सेकंद, कॅमेरा हलवायचा नाही

काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक थकलेली लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. पूर्वी ते वॉटसन हॉटेल होतं. ७ जुलै १८९६ला तिथे फ्रान्सच्या लुमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. त्या प्रत्येक फिल्मची लांबी साधारण पन्नास सेकंद, कारण कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म मावायची. कॅमेरा तिवईवर, एक जागा, कट नाही.

तुमचा पहिला शनिवार यासाठी. फोन कशाला तरी टेकवा, पन्नास सेकंद रेकॉर्ड करा, हात लावू नका. भाजीवाल्याची गाडी, शाळा सुटल्यावरचं गेट, सार्वजनिक नळ. हलता येत नाही म्हटल्यावर निवड करावीच लागते : उभं कुठे राहायचं, चौकटीत कुठून कोण येईल, सुरू कधी करायचं. माझ्या पहिल्या प्रयत्नात सगळी गंमत पंचावन्नाव्या सेकंदाला घडली.

पुढच्या शनिवारी घरात कुणीतरी चहा करतंय हे दोनदा शूट करा. एकदा बारा तुकड्यांत : गॅसची खटकी, साखरेचा डबा, उकळी, गाळणं, कपाची कड. दुसऱ्यांदा दाराशी कॅमेरा लावून अखंड एकच शॉट, चार मिनिटं तर चार मिनिटं. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या मते सिनेमा कटमध्ये घडतो. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँचा जीव अखंड शॉटवर, त्यात प्रेक्षकाला कुठे बघायचं ते स्वतः ठरवता येतं म्हणून. वर्गात हे दोन गट म्हणून शिकवतात आणि मुलं आवडत्या संघासारखी बाजू घेतात. चहाच्या दोन क्लिप आईला दाखवा. माझ्या आईने बारा तुकड्यांच्या क्लिपला 'जाहिरात आहे का?' विचारलं आणि दुसरी बघताना म्हणाली, 'माझी कंबर किती वाकलीय बघ.' ती कंबर बारा तुकड्यांत कुठेच नव्हती. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा इतका वेळ लांब आणि स्थिर का उभा असतो, हे मला वर्गातल्या चर्चेनंतर कळलं नव्हतं, ते या कंबरेनंतर कळलं.

पायरी ४ : आजीचा चेहरा

क्रांतीनंतरच्या रशियात कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की मॉस्कोच्या फिल्मशाळेत लेव कुलेशोव या दिग्दर्शक-शिक्षकाच्या हाताखालची मुलं कॅमेऱ्यात फिल्म नसतानाच सीन बसवायची आणि जुन्या फिल्म्स कापून पुन्हा वेगळ्या जोडायची. त्याच काळातला तो प्रसिद्ध प्रयोग : मॉझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा खेळणारी मुलगी. लोकांना म्हणे तोच चेहरा कधी भुकेला वाटला, कधी दुःखी, कधी मायाळू. मूळ तुकडे आज शिल्लक नाहीत. जे माहीत आहे ते आठवणींतून, आणि त्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत. तिसऱ्या शॉटमध्ये मुलीऐवजी कोचावर पहुडलेली बाई होती असंही सांगतात. म्हणून यावर विश्वास ठेवू नका, करून बघा.

आम्ही लालबागच्या त्याच चाळीत केलं. मैत्रिणीच्या आजींना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. त्यांना सांगितलं, 'आजी, काही करू नका, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा.' वीस सेकंद. मग वेगवेगळे शॉट : उकडीच्या मोदकांचं ताट, गादी गुंडाळून ठेवलेली रिकामी खाट, रांगणारं बाळ. चौथा आम्ही आगाऊपणाने घेतला, विजेचं बिल.

नीट जमायला चार गोष्टी पाळा. चेहरा खरंच निर्विकार हवा. अभिनय करायला सांगितलात की प्रयोग संपला. आजींची नजर जिथे आहे, तिथून जे दिसेल त्याच उंचीवरून वस्तूचा शॉट घ्या. आजींच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड आणि मोदकांवर पिवळा बल्ब असं करू नका, दोन घरं वाटतात. आणि एडिटमध्ये चेहरा, वस्तू, पुन्हा चेहरा असं लावा. दुसऱ्या चेहऱ्यावर भाव 'दिसतो', पहिल्यावर नाही.

मग न सांगता लोकांना दाखवा. एका माणसाला एकच जोडी. आम्ही मजल्यावरच्या आठ जणांना दाखवलं. खाट बघितलेल्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी आजोबांचं नावच घेतलं. यात कुलेशोव किती आणि काकूंची स्वतःची आठवण किती, हे मला आजही सांगता येणार नाही. विजेच्या बिलावर सगळे हसले. मोदक बघितलेले एक काका म्हणाले, 'आजींचं लक्ष कुठाय? ताटाकडे बघतच नाहीयेत.' काकांचं बरोबर होतं. कॅलेंडर उंचावर होतं आणि ताट आम्ही वरून शूट केलं होतं. नजरेची रेघ चुकली की पुस्तकातला सिद्धान्त तुमच्या मदतीला येत नाही.

ती १८० अंशांची रेघही इथेच गिरवून घ्या. शूटिंगच्या जागी जमिनीवर खरोखर सुतळी टाका, एका पात्राच्या पायापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत. सुतळी ओलांडायची नाही. चाळीच्या गॅलरीत, लोकलच्या डब्यात, दहा बाय दहाच्या खोलीत जागा नसते, म्हणून पाय आपोआप पलीकडे जातो. जागा नसेल तर नटांना हलवा. दोघांना जरा तिरकं उभं करा, चौकटीत ते समोरासमोरच दिसतात. सेटवर याला 'चीट करणं' म्हणतात आणि ते सगळे करतात.

पायरी ५ : उजेड, आणि मटकीचे मोड

फोन विकत घेतल्यावर व्हिडिओ सहसा सेकंदाला ३० फ्रेम्सवर असतो. ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रावर आडवे पट्टे सरकतात. आमची एक अख्खी रात्र त्यात वाया गेली आणि आम्ही फोनला शिव्या घालत होतो. कारण साधं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. फ्रेम रेट २५ ठेवा आणि शटर (दर फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद, पट्टे जातात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप घ्या. त्यातच एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) लॉक करायची सवय लावा. लॉक केलं नाही तर पांढरा शर्ट घातलेला माणूस चौकटीत आला की फोन घाबरून सगळं चित्र काळवंडून टाकतो.

लॉकची किंमत कळायला एक जुना प्रयोग करा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, भांडवल उभं करण्यासाठी, कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. 'अंकुराची वाढ' पडद्यावर जेमतेम मिनिटभराची. तुम्हाला महिना थांबायची गरज नाही. मटकी भिजवा, फडक्यावर पसरा, वर फोन टांगा आणि चार्जरला लावून दर दोन मिनिटांनी एक फोटो अशी सोय करून रात्रभर सोडून द्या. सकाळी मोड आलेले असतील. एक्स्पोजर लॉक केलेलं नसेल आणि पहाटे खिडकीतून उजेड आला असेल, तर मटकीऐवजी सूर्योदयाची फिल्म तयार झालेली असेल. यात दोन धडे एकदम मिळतात : उजेड बांधून ठेवायचा असतो आणि वेळ कापून लहान करता येते. मटकीची उसळ वेगळी.

मुंबईच्या उजेडाबद्दल थोडंसं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, सावल्या मऊ पडतात आणि फुकटात मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेडाचा दिवा, मिळतो. बाहेरचे चेहऱ्यांचे सीन तेव्हा उरका, फोनला प्लास्टिकची पिशवी घालून. एप्रिल-मेच्या दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, तेव्हा जिन्यात किंवा दारात या. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर पाण्याकडे कॅमेरा केला की माणसं काळ्या आकृत्या होतात. हवं असेल तर छान, नको असेल तर पाण्याकडे पाठ करा. थर्माकोलचा एक पांढरा शीट स्टेशनरीच्या दुकानातून आणा. मोठ्या सेटवरही उजेड परतवायला थर्माकोलच धरून उभे असतात.

पायरी ६ : आवाज

हा भाग सगळे वगळतात आणि म्हणून विद्यार्थ्यांच्या निम्म्या फिल्म्स बघवत नाहीत. अंधूक चित्र प्रेक्षक सहन करतो, न ऐकू येणारा संवाद तो दोन मिनिटंही सहन करत नाही.

शूटच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला त्या जागी जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून बसा. लालबागच्या खोलीत मी बसले तेव्हा ऐकू आलं ते असं : तीन घरांचे कुकर, कावळे, खाली लोखंड कापणारं यंत्र, साडेअकराला पाणी आल्यावर सगळ्या मजल्यांवर एकदम बादल्या. पाण्याची वेळ हा मुंबईतल्या साउंड रेकॉर्डिंगचा पहिला नियम आहे, तो कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही संवादाचे शॉट दुपारी तीनला ठेवले.

पंखा बंद, फ्रिज बंद. आणि फ्रिजमध्ये तुमची घराची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना फ्रिज परत चालू करायला विसरणार नाही. यजमान काकूंचं दूध नासलं की ते लोकेशन कायमचं गेलं. कॉलरचा साधा वायरवाला माइक दुसऱ्या फोनला लावून नटाच्या खिशात द्या, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास. टेकच्या सुरुवातीला एक टाळी, म्हणजे एडिटमध्ये आवाज आणि चित्र जुळवता येतं. पॅकअपच्या आधी सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. त्या तीस सेकंदांत हमखास कुणालातरी हसू येतं, म्हणून दोनदा घ्या.

यातली थिअरी अशी : चौकटीबाहेरचा आवाज चौकट मोठी करतो. त्याचा व्यायाम करा. लोकल एकदाही न दाखवता, रुळांच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या बाईचा एक मिनिट. गाडी जाते, ती बोलता बोलता थांबते, गाडी गेल्यावर तिथूनच पुढे बोलते. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते आणि ती विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. आवाज मात्र तुमच्या खिडकीत येतोच.

पायरी ७ : दुसऱ्याच्या सेटवर

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या सेटवर जा. असिस्टंटचा असिस्टंट, कंटिन्यूटी (शॉटमागून शॉट कपडे-वस्तू जुळतात का याची नोंद) लिहिणारी, कपडेपट सांभाळणारा, काहीही. शिफ्ट म्हटली की बारा तास धरून चाला आणि शेवटची लोकल चुकली तर कुठे झोपायचं ते आधी ठरवा. स्पॉटदादा आणि लाइटमन दादांना नावाने ओळखायला लागा. मला स्किमर आणि कटरमधला फरक एका लाइटमन दादांनी समजावला, चहा पिता पिता, हातानेच सावली पाडून. उजेड मऊ करायला स्किमर, उजेड अडवायला कटर. पुस्तकात तीन पानं आहेत.

एक मात्र करा. रोज घरी जाताना एक निरीक्षण लिहा : आज दिग्दर्शकाने कुठला शॉट ठरवून टाकून दिला आणि का. सेटवरची धावपळ इतकी असते की महिनाभर राहूनही माणूस फक्त वॉकी-टॉकीवर बोलायला शिकतो. दुसरं, पैशांचं. माझे एका ठिकाणचे सत्तावीस दिवस 'एक्सपोजर' या नावाखाली गेले, येण्याजाण्याचा पासही माझाच. किती दिवस, जेवण-प्रवास कोण देणार आणि श्रेयनामावलीत नाव येणार का, एवढं निदान मेसेजवर लिहून घ्या.

पायरी ८ : पहिली शॉर्ट फिल्म

आता तीन ते पाच मिनिटांची फिल्म. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, तेव्हा पाचाच्या वर पानं जाऊ देऊ नका. दोन पात्रं, एक जागा, आणि ती जागा ओळखीच्या माणसाची. रस्त्यावर ट्रायपॉड लावला की पोलिसांपासून बघ्यांपर्यंत सगळे येतात. सार्वजनिक जागेसाठी परवानगी काढा, नाहीतर कथा घरात आणा. चाळीत शूट असेल तर मजल्यावरच्या प्रत्येक घरी आदल्या दिवशी जाऊन सांगा, आणि 'तुमचा टीव्ही बंद ठेवा' असं म्हणू नका, 'किती वाजता तुमची मालिका असते?' असं विचारा.

लिहिण्याआधी वर्षभराच्या क्लिपमधून फक्त दोन कल्पना निवडा. सगळं शिकलेलं एकाच फिल्ममध्ये दाखवायचा मोह होतो. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये जंप कट (एकाच शॉटमधला तुकडा गाळून उडी मारणारा कट), अखंड शॉट, आरशातलं प्रतिबिंब आणि मागून येणारं स्वगत असं सगळं होतं, कथा तेवढी नव्हती. दोन कल्पना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सेटवर चिकटवा. उदाहरणार्थ : 'वडील बोलताना चौकटीत दिसणार नाहीत. कॅमेरा आजींच्या उंचीच्या वर जाणार नाही.' उन्हात, घामात, संध्याकाळी उजेड जात असताना डोकं चालत नाही, तेव्हा हा कागद चालतो.

बजेटमध्ये पहिली ओळ जेवणाची. वडापाववर सकाळ निघते, दिवस नाही. दुपारी भात-वरण मिळालेलं युनिट संध्याकाळी आठव्या टेकलाही चिडत नाही. दिवस संपला की फूटेज दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी. एकाच सॅकमध्ये ठेवलेल्या दोन कॉपी म्हणजे एकच कॉपी. दादरच्या पुलावर हे मी पाऊस लागून शिकले.

पायरी ९ : एडिट, आणि पुन्हा वही

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. लॅपटॉप जुना असेल तर आधी प्रॉक्सी बनवा, म्हणजे हलक्या फाइल्सवर काम होतं. पहिला कट फक्त कथेसाठी, संगीत न लावता. संगीत लावलं की वाईट कट झाकले जातात आणि ते तुम्हालाही दिसेनासे होतात.

पहिला कट झाला की चार दिवस फाइल उघडू नका. त्या चार दिवसांत पुन्हा वाचा, वर्षभरापूर्वी वाचलेलंच. मला 'कट का केला असेल' हा रकाना याच टप्प्यावर कळायला लागला, कारण आता उत्तर मलाच द्यायचं होतं. मग एक पान लिहा, दोन भागांत : काय ठरवलं होतं, काय झालं. 'वडील चौकटीत दिसणार नाहीत असं ठरवलं, सातव्या शॉटमध्ये हात दिसला, ठेवला, कारण हाताला भीती होती.' व्हायव्हाला हे पान घेऊन जा. परीक्षक व्याख्या विचारतील तेव्हा सातवा शॉट लावा.

शेवटी फिल्म जिथे शूट केली तिथेच आधी दाखवा. चौकात प्रोजेक्टर लावायचा, मैत्रिणीचे मामा गणपतीच्या मंडळातून स्पीकर देतील, पडदा म्हणून पांढरी डबल चादर. आम्ही दाखवली तेव्हा चादरीची घडी बरोबर आजींच्या क्लोजअपवर आली होती आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, 'आजींना लिफ्टमध्ये अडकवलंय का?' चादरीला आदल्या दिवशी इस्त्री करून घ्या, आणि खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून विटा बांधा. चौकात वारा येतो.